झाडातला रेणू हाती लागला, आता कात्री कुठे लावायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका झाडाच्या सालीतून एक शुद्ध संयुग मिळालंय, त्यात दोन फिनॉलचे ओएच (बेन्झिन रिंगवर बसलेले) आहेत, एक लॅक्टोन रिंग (एस्टरचं बंद वळं) आहे, कॅन्सरच्या पेशींवर आयसी५० (निम्मा परिणाम व्हायला लागणारी मात्रा, जितकी कमी तितका रेणू जहाल) आठ मायक्रोमोलर येतंय आणि गाईड म्हणतायत पंधरा-वीस डेरिव्हेटिव्ह (थोडा बदल केलेले रेणू) बनव, पेपर होईल. तर सुरुवात कुठून करू, आणि मुळात निसर्गाने दिलंय ते बदलायचंच कशाला, आहे तसंच औषध म्हणून का नाही देत?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे. वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली निम्मी तरी नको त्या ठिकाणी हात लावण्यात गेली असतील, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

झाड हे रेणू आपल्यासाठी बनवत नाही हो. किडीने खाऊ नये, जनावराने तोंड लावू नये म्हणून बनवतं. म्हणजे विष म्हणून तो रेणू अगदी तावून सुलाखून निघालेला असतो, पण तो पाण्यात विरघळतो का, रक्तात तासभर टिकतो का, लिव्हर त्याचं काय करतं, याच्याशी झाडाला काही देणंघेणं नाही. बदल करायचा तो यासाठी. आणि इथेच नवीन मुलांची गल्लत होते, त्यांना वाटतं डेरिव्हेटिव्ह करायचं म्हणजे आयसी५० खाली आणायचं. माझं मत जवळपास उलटं आहे. पोडोफायलम या वनस्पतीतलं पोडोफायलोटॉक्सिन प्लेटवर, म्हणजे लॅबमधल्या पेशींवर, नॅनोमोलरमध्ये (मायक्रोमोलरचा हजारावा भाग) पेशी मारतं, त्याच्यापासून बनवलेलं इटोपोसाइड मायक्रोमोलरच्या आसपास येतं, म्हणजे आकडा चांगलाच बिघडला, पण कॅन्सरवर शिरेतून जे देतात ते इटोपोसाइड. पोडोफायलोटॉक्सिन चामखिळीवर वरून लावायच्या कामाचं राहिलं. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या इरिनोटेकानचंही तसंच, प्लेटवर ते स्वतः मूळ कॅम्प्टोथेसिनपेक्षा मवाळ आहे. तेव्हा प्लेटवरच्या आकड्याच्या मागे लागण्याआधी आपल्या रेणूचं दुखणं नक्की काय आहे ते शोधा.

तुमच्याकडे लॅक्टोन आहे म्हणून कॅम्प्टोथेसिनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण त्या एका रेणूत लॅक्टोन आणि फिनॉल दोन्हीचे धडे आहेत. कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा नावाचं चिनी झाड, त्यातून मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी हा रेणू काढला आणि १९६६ मध्ये त्याची रचना छापली. सह्याद्रीतल्या नरक्यातही हाच रेणू मिळतो, ते झाड घाण वास मारतं म्हणून जुनं शास्त्रीय नावही मॅपिया फोएटिडा. तर प्राण्यांमधल्या चाचण्यांत कॅम्प्टोथेसिन जबरदस्त निघालं पण पाण्यात विरघळेना. मग काय केलं, तर लॅक्टोन अल्कलीने उघडली आणि सोडियम सॉल्ट बनवलं. सॉल्ट छान विरघळतं, सलाईनमधून देता येतं, प्रश्न मिटला असं वाटलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांवर चाचण्या झाल्या आणि गाडी घसरली. गाठींवर परिणाम तुटपुंजा आणि लघवीतून रक्त जायला लागलं, चाचण्या बंद कराव्या लागल्या.

का झालं ते नंतर उलगडलं आणि ते शिकण्यासारखं आहे. काम करतो तो बंद लॅक्टोनवाला रेणू, उघडलेला जवळपास मेलेला. रक्ताचा पीएच ७.४, तिथे लॅक्टोन आपोआप उघडत राहते, त्यात माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन नेमकं उघडलेल्या रूपाला घट्ट धरून बसतं, त्यामुळे समतोल आणखी त्याच बाजूला ओढला जातो. आणि लघवी आम्लधर्मी, तिथे पोचल्यावर तीच रिंग परत बंद होते, म्हणजे औषध जागं होतं ते मूत्राशयात, नको तिथे. गंमत अशी की उंदराच्या अल्ब्युमिनला उघडलेल्या रूपाची इतकी ओढ नाही, म्हणून उंदरात जे दिसलं ते माणसात दिसलं नाही. विरघळवण्याच्या नादात ज्या भागाने काम होतं तोच भाग मोडला, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

१९८५ मध्ये कळलं की हा रेणू डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतो, मग लोकांना परत हुरूप आला. या वेळी लॅक्टोनला आणि तिच्या शेजारच्या विसाव्या कार्बनवरच्या ओएचला कुणी हात लावला नाही, बदल केले ते रेणूच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या, नवव्या, दहाव्या जागी. दहाव्या जागी ओएच असलेल्या रेणूवर साधी मॅनिच रिअ‍ॅक्शन करून नवव्या जागी एक अमाइन बसवलं, ते अमाइन सॉल्ट बनवतं, रेणू पाण्यात जातो आणि लॅक्टोन शाबूत. हे टोपोटेकान, अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. जी गोष्ट सोडियम सॉल्टने साधायची होती तीच साधली, फक्त जागा बदलली.

आता फिनॉल. सातव्या जागी इथाइल आणि दहाव्या जागी ओएच असलेला रेणू म्हणजे एसएन-३८, कमालीचा जहाल पण विरघळायच्या नावाने शून्य. त्याच्या फिनॉलवर कार्बामेटने एक बायपिपेरिडिनची शेपटी लावली की इरिनोटेकान, शिरेतून देता येतं, आणि शरीरातली कार्बोक्झिलएस्टरेज एन्झाइम ती शेपटी कापून एसएन-३८ मोकळं करतात. प्रोड्रग म्हणतात ते हे. पण फिनॉल मोकळा झाला की लिव्हर त्याच्यावर ग्लुकुरोनिक आम्ल चढवून त्याला पित्तातून बाहेर काढायला बघतं, आतड्यातले जिवाणू ते परत काढून टाकतात, आणि पुन्हा जागं झालेलं एसएन-३८ आतड्याचं अस्तर सोलतं, त्यातून ते प्रसिद्ध उशिरा सुरू होणारे जुलाब. ज्यांच्यात ते आम्ल चढवणारं यूजीटी१ए१ हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं त्यांना जास्त त्रास, त्यांच्या पांढऱ्या पेशीही धोकादायक खाली जातात. एका ओएचच्या मागे एवढं रामायण आहे. तुमच्याकडे असे दोन आहेत, तेव्हा विचार करा.

पोडोफायलोटॉक्सिनकडे येऊ, इथे माझी स्वतःची फजिती आहे. हिमालयातल्या आणि अमेरिकेतल्या पोडोफायलमच्या मुळ्यांतून मिळतं, पेशी विभागताना लागणाऱ्या ट्यूब्युलिन या प्रथिनावर, कोल्चिसिन या दुसऱ्या वनस्पतीजन्य विषाच्याच जागी बसतं आणि पेशीविभाजन थांबवतं, पण पोटात दिलं तर माणसाचे हाल. यातही लॅक्टोन आहे आणि ती ताणलेली आहे, ट्रान्स जोडलेली. थोडा जरी बेस दिसला की दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन उलटतो आणि ताण सैल होऊन सिस लॅक्टोन बनते, त्याला पिक्रोपोडोफायलिन म्हणतात, ते ट्यूब्युलिनच्या दृष्टीने निकामी. हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी सुरुवातीच्या वर्षांत मी चौथ्या कार्बनवर एस्टर लावायला ट्रायइथाइलअमाइन आणि डीएमएपी हे बेसच घालून फ्लास्क रात्रभर ढवळत ठेवला. सकाळी टीएलसीवर (शुद्धता बघायची पट्टी) एकच सुंदर ठिपका, मास (रेणूचं वजन) बरोबर जुळलं, कॉलमवर शुद्ध करून पांढरी पावडर, मी खूष. बारा डेरिव्हेटिव्ह केली तशी. पेशींवर टाकली तर त्यातली आठ ढिम्म. मी बसलो शोधत, की मोठा ग्रुप लावला म्हणून गेली का, छोटा लावला म्हणून गेली का, छान सिद्धांत पण रचला त्यावर. मग एका सीनियरने एनएमआरचा (रेणूतला प्रत्येक हायड्रोजन कुठे, कसा आहे ते दाखवणारी चाचणी) कागद हातात घेतला, दुसऱ्या कार्बनवरच्या हायड्रोजनच्या सिग्नलवर बोट ठेवलं आणि विचारलं, इथलं १४ हर्ट्झचं कपलिंग कुठे गेलं? ट्रान्स लॅक्टोनमध्ये ते असतंच, माझ्या आठ सॅम्पल्समध्ये नव्हतं. मास तेच राहणार, अणू तेच, फक्त एक हायड्रोजन वरून खाली गेलेला. म्हणजे मी मेलेल्या रेणूला आठ वेगवेगळे सदरे शिवले होते.

इटोपोसाइड कसं सापडलं तेही सांगतो, कारण ते कुणी ठरवून डिझाइन केलेलं नाही. बाझलच्या सॅन्डोझ कंपनीत श्टेहेलिन आणि फॉन वार्टबर्ग हे पोडोफायलमच्या साखर जोडलेल्या रेणूंवर काम करत होते. त्या ग्लुकोसाइडच्या मिश्रणावर बेन्झाल्डिहाइड लावून एक उत्पादन केलेलं होतं, त्याचा परिणाम त्यातल्या मुख्य घटकाच्या हिशोबाने जास्त येत होता आणि वेगळाही होता, पेशी विभाजनाच्या मध्यात अडकण्याऐवजी विभाजनात शिरतच नव्हत्या. म्हणजे कुणीतरी छुपा रुस्तम आत आहे. शोधत गेले तर अगदी थोड्या प्रमाणात असलेला एक घटक निघाला, त्यात चौथ्या कार्बनची दिशा उलटी, साखर त्याच्यावर, आणि खालच्या रिंगमधल्या तीनपैकी मधला मेथॉक्सी नाही, तिथे मोकळा फिनॉल. त्याच धर्तीवर वेगवेगळी अल्डिहाइड लावून १९६० च्या दशकात टेनिपोसाइड आणि इटोपोसाइड बनली. आणि या बदलांनी रेणूचं लक्ष्यच बदललं, ट्यूब्युलिन सुटलं आणि टोपोआयसोमरेज-२ धरलं गेलं, जे कळायला १९८० चं दशक उजाडलं. अमेरिकेत मंजुरी १९८३. इथे फिनॉल मोकळा हवा, त्यावर मिथाइल परत लावलंत तर घोटाळा. पुढे विरघळण्यासाठी त्याच फिनॉलवर फॉस्फेट चढवलं, पण ते रक्तात पटकन निघून जातं म्हणून चालतं. म्हणजे फिनॉल झाकायचा की नाही याला एक उत्तर नाही, झाकण कधी आणि कुठे उघडणार त्यावर आहे.

टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाचं दुखणं वेगळंच, मालच नव्हता. पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा झाली, वॉल आणि वाणी यांनीच १९७१ मध्ये रचना छापली, सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं की हा मायक्रोट्यूब्यूल (ट्यूब्युलिनच्या नळ्या) मोडत नाही, उलट गोठवतो. पण ढोबळ हिशोब असा की किलोभर औषधाला दहा टन साल, साल काढली की झाड मरणार, आणि झाड वाढतं मुंगीच्या पावलाने. डोंगर पोखरून उंदीर. १९९४ मध्ये पूर्ण संश्लेषणं झाली, थोर काम, पण कारखान्यात चालण्यासारखी नाहीत. सोडवलं ते फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने. युरोपियन यूच्या सुईसारख्या पानांत १०-डीअ‍ॅसिटाइलबॅकॅटिन-३ मिळतं, किलोभर पानांत चांगलं नशीब असेल तर ग्रॅमभर, आणि पानं परत येतात. रेणूचा अवघड भाग सगळा झाडाने करून दिलेला, आपण फक्त तेराव्या कार्बनवर बाजूची साखळी जोडायची.

फक्त म्हणायला सोपं. त्या रेणूवर चार ओएच आहेत, आणि आपल्याला हवा तो तेरावा चांगलाच आळशी, वाटीसारख्या वळलेल्या रेणूच्या आतल्या बाजूला दडलेला. सातवा सगळ्यात उतावळा. म्हणून आधी सातव्याला सिलिल ग्रुपने टोपी घालायची, मग दहाव्यावर अ‍ॅसिटेट, मग तेराव्याशी बीटा-लॅक्टॅमने साखळी, शेवटी टोप्या काढायच्या. पहिला अ‍ॅनालॉग करताना मी सातवा झाकायला विसरलो नव्हतो पण सिलिल क्लोराइड जुनं होतं, ओलावा लागलेलं, अर्धाच झाकला गेला आणि पुढे कॉलमवर जो गुंता झाला तो चार दिवस सोडवत होतो.

याच वाटेवर डोसिटॅक्सेल मिळालं. साखळीतल्या नायट्रोजनवर बेन्झॉइलऐवजी बॉक हा ग्रुप, दहावा ओएच उघडाच, विद्राव्यता बरी झाली. मग कॅबाझिटॅक्सेल, २०१०, सातव्या आणि दहाव्या दोन्ही जागी मेथॉक्सी, तेवढ्याने पी-ग्लायकोप्रोटीन हा पेशीतून औषध बाहेर फेकणारा पंप त्याला नीट ओळखत नाही, म्हणून डोसिटॅक्सेलला न बधणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरवर चालतं. सगळे बदल रेणूच्या वरच्या बाजूला झाले बघा. आम्ही लॅबमध्ये उत्तर आणि दक्षिण म्हणतो. उत्तरेला सातवा, नववा, दहावा कार्बन, तिथे काय हवं ते करा, थोडंफार चालून जातं. दक्षिणेला दुसऱ्यावरचं बेन्झोएट, चौथ्यावरचं अ‍ॅसिटेट, ऑक्सेटेन रिंग, तिकडे जपून. आणि तेराव्यावरची साखळी काढलीत तर उरलेला बॅकॅटिन जवळपास काहीच करत नाही.

सदाफुलीचं दोन ओळीत सांगतो. तिच्यातून मिळणाऱ्या विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधांत फरक एका नायट्रोजनवर मिथाइल आहे की फॉर्मिल एवढाच, पण एकाचा मार मुख्यतः रक्तपेशींवर, दुसऱ्याचा मज्जातंतूंवर. झाडात विनक्रिस्टिन नगण्य असतं म्हणून विनब्लास्टिनचं थंडीत ऑक्सिडेशन करून ते बनवतात. एवढ्याशा बदलाने दुष्परिणामांचा पत्ता बदलतो, म्हणून छोटे बदल क्षुल्लक समजू नका.

आणि एक प्रकार असा की रेणू इतका जहाल असतो की काहीही केलं तरी माणसाला झेपत नाही. मेटॅन्सिन, १९७२ मध्ये कुपचन यांनी इथिओपियातल्या झाडातून काढलेलं, चाचण्यांत विषारी म्हणून बाद झालं. पुढे त्याच्यावर गंधकाचा एक हात बसवला आणि तो हात कॅन्सरच्या पेशी हुडकणाऱ्या अँटिबॉडीला जोडला, ते ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिन, २०१३. कॅम्प्टोथेसिनच्या कुळातला एक रेणू असाच अँटिबॉडीवर चढून २०१९ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान म्हणून आला, एका अँटिबॉडीवर साधारण आठ रेणू. इथे बदल म्हणजे फक्त हूक बसवणं, बाकी रेणू जहाल असलेलाच बरा. तुमच्या आठ मायक्रोमोलरवाल्याला मात्र हा रस्ता बंद आहे, अँटिबॉडीवर चढायला नॅनोमोलर किंवा त्याहून तिखट रेणू लागतो.

आता तुमचं बघू. आठ मायक्रोमोलर वाईट नाही, खरं असेल तर. फिनॉल आहेत म्हटल्यावर मला आधी शंका पेशी किती जगल्या ते रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी टेस्टची येते. एमटीटी हे रसायन जिवंत पेशींनी जांभळं करायचं असतं, पण काही फिनॉल पेशी नसतानाच ते जांभळं करतात, मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. आमच्याकडे एका मुलीने दोन्ही फिनॉल मिथाइल करून आणले आणि क्रियाशीलता सहापट वाढली म्हणून आनंदात होती, मी म्हटलं पेशी न घालता प्लेट लाव. लावली. मूळ रेणूच्या खणांत पेशी नसतानाच मस्त जांभळा रंग, मिथाइलवाल्यात काही नाही. म्हणजे वाढलं काहीच नव्हतं, आधीचाच आकडा खोटा होता. हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो पेपर आहेत आणि औषध एक नाही, त्यामागे असलीच कारणं आहेत, रक्ताच्या पीएचला ते काही मिनिटांत विघटित होतं आणि टेस्टमध्ये नाना प्रकारे लुडबुड करतं. त्याची डेरिव्हेटिव्ह करून पेपर होतात, होऊ देत, मी काय बोलणार.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे माल किती आहे ते लिहिलं नाहीत. सालीतून चाळीस मिलिग्रॅम मिळाला असेल तर वीस डेरिव्हेटिव्ह विसरा, दर वेळी दोन-तीन मिलिग्रॅमशी खेळत बसाल आणि कशाचाच एनएमआर धड येणार नाही. तेच झाड परत उकळण्याआधी त्याच कुळातल्या झाडांत किंवा पानांत त्याचा सांगाडा जास्त प्रमाणात मिळतो का ते बघा, टॅक्सॉलमध्ये जे केलं तेच.

आणि वीसच्या ऐवजी मी पाचच करीन, पण प्रत्येकाने एक प्रश्न विचारला पाहिजे. एक फिनॉल मिथाइल करून दुसरा मोकळा, मग उलट, मग दोन्ही बंद. लॅक्टोन उघडलेलं रूप एक. लॅक्टोनच्या जागी लॅक्टॅम (तसंच वळं, पण ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनचं) जमलं तर एक, ते सहज उघडत नाही. या पाचांतून कळेल कुठे हात लावायचा नाही, आणि मग उरलेल्या जागी अमाइन लावा, साखर लावा, काय लावायचं ते लावा. ट्रायाझोल लावायचा मोह सगळ्यांना होतो कारण क्लिक रिअ‍ॅक्शन कधी फसत नाही, पण नाकापेक्षा मोती जड होतो आणि वर त्यात वापरलेलं तांबं नीट धुतलं गेलं नाही तर पेशी तांब्यानेच मरतात. प्रत्येक सॅम्पल एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ९५ टक्क्यांच्या वर शुद्ध असल्याशिवाय पेशींकडे पाठवू नका. प्लेटमध्ये शेजारी इटोपोसाइड आणि एक निरोगी पेशींची ओळ ठेवा, नाहीतर तुम्ही फक्त विष बनवताय की औषध हे कळायला मार्ग नाही.

या सगळ्याच्याही आधी, एकही रिअ‍ॅक्शन न लावता, दोन गोष्टी करा, खर्च जवळपास काही नाही. पेशी न घातलेल्या खणांत तुमचा रेणू आणि एमटीटी टाकून रंग बघा. आणि मूळ रेणू माणसाच्या प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) ३७ अंशांवर ठेवून शून्य मिनिट, अर्धा तास, दोन तास, सहा तास असे नमुने काढून एचपीएलसीवर चालवा. लॅक्टोनचं शिखर खाली जात असेल आणि त्याच्या आधी एक नवीन ध्रुवीय शिखर वर येत असेल तर ते कोलेक्ट करून आम्लात टाका, जुनं शिखर परत आलं तर तुमच्या रेणूचं दुखणं कॅम्प्टोथेसिनचंच आहे. ते आकडे पाठवलेत तर कुठला फिनॉल आधी झाकायचा ते बोलता येईल.